धडा झाला, इंग्रजीचं काय?

मागच्या महिन्यात या पानावर आपण विचारलं होतं की इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकाबद्दल तुमचे काही प्रश्न असतील तर पाठवा, आणि खरं सांगते, एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. मी 31 वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मी कधी ना कधी पालकसभेत नाहीतर स्टाफरूममध्ये ऐकलेला आहे. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून सहा निवडलेत. नावं टाकलेली नाहीत.

नमस्कार बाई. माझा मुलगा सहावीला सेमीला आहे. इंग्रजीचा धडा घडाघडा वाचतो, प्रश्नोत्तरं पाठ आहेत, मार्कही बरे पडतात. पण परवा माझ्या भावाने त्याला सहज विचारलं, व्हॉट डिड यू ईट टुडे, तर नुसता उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. शेजारच्या म्हणतात पुस्तकाने काही होत नाही, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा. सहा हजार फी आहे. लावू का? (एक आई, जालना जिल्हा)

ताई, फी भरायच्या आधी एक काम करा. आज संध्याकाळी त्याचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसा आणि एखादा शिकवून झालेला धडा उघडा. मी न बघता सांगते तुम्हाला काय दिसेल. प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले असतील, मधे मधे चार ओळींना कंस करून बाजूला प्र. 1, प्र. 2 असं असेल, आणि जिथे मित्राशी बोला, चित्राबद्दल सांगा, तुमचा अनुभव सांगा असं काही दिलंय ते पान मात्र कोरं करकरीत असेल. म्हणजे पुस्तकातलं जे तोंडाने करायचं होतं ते राहून गेलं आणि जे वहीत उतरवता येतं तेवढं झालं.

यात एकट्या शिक्षकांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. 35 मिनिटांचा तास, वर्गात 50 मुलं, हजेरी वगैरे सोडून द्या, पूर्ण 35 मिनिटं जरी मुलांना बोलायला दिली तरी एकेकाच्या वाट्याला 42 सेकंद येतात. मग पोर्शन पूर्ण करायचा तर बाई वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तरं फळ्यावर लिहून देतात, झाला धडा. तुमच्या मुलाने जे शिकायला मिळालं ते मन लावून शिकलंय. त्याला इंग्रजी ओळ बघून आवाज काढता येतो. पण ती ओळ पुस्तकातून उचलून स्वतःची करायची सवयच कुणी लावली नाही, म्हणून मामाने विचारल्यावर तो गप्प झाला. मामावर किंवा त्याच्यावर चिडू नका.

आता उपाय सांगते, त्याला पैसे लागत नाहीत, आणि तुम्हाला इंग्रजी आलंच पाहिजे असंही नाही. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होता, शंभर वर्षांपूर्वी तो बंगालमध्ये ढाक्याला शिक्षण खात्यात होता, मोठे वर्ग, गरीब मुलं, हातात फक्त एक पुस्तक, अशा परिस्थितीत काय करता येईल याचाच त्याने आयुष्यभर विचार केला. त्याची एक साधी रीत आहे, वाचा आणि वर बघा. समजा धड्यात असं आहे: रवी वेंट टु द मार्केट विथ हिज ग्रँडफादर. दे बॉट टू किलोज ऑफ अनियन्स. इट वॉज व्हेरी हॉट. दे सॅट अंडर अ ट्री. मुलाने पहिलं वाक्य मनात वाचायचं, मग मान वर करायची, तुमच्याकडे बघायचं आणि ते वाक्य तुम्हाला सांगायचं. डोळे पुस्तकात असताना बोलायचं नाही, एवढा एकच नियम. विसरला तर परत खाली बघू दे, हरकत नाही, पण बोलताना मान वरच. करून बघा, जो मुलगा पान घडाघडा वाचतो तोच या चार वाक्यांना पाच मिनिटं घेतो, कारण आता वाक्य डोळ्यातून थेट तोंडात न जाता आधी डोक्यात थांबतं.

दुसऱ्या दिवशी तीच चार वाक्यं, पण रवीच्या जागी तो स्वतः. आय वेंट टु द मार्केट विथ माय ग्रँडफादर. वी बॉट... काय घेतलं रे तुम्ही? टोमॅटो? मग टोमॅटो. तिसऱ्या दिवशी तुम्ही मराठीत विचारा, कोणाबरोबर गेलास, काय आणलंत, कुठे बसलात, त्याने इंग्रजीत सांगायचं. चौथ्या दिवशी त्याने तुम्हाला इंग्रजीत विचारायचं आणि तुम्ही जमेल तसं, अगदी एका शब्दात उत्तर द्यायचं, मुलांना आईची परीक्षा घ्यायला फार आवडतं. रोज दहा मिनिटं पुरे. महिन्याभरात दोन धडे झाले तरी खूप झाले. आणि मग एखाद्या रात्री जेवताना विचारा की आज डब्यात काय खाल्लंस, इंग्रजीत सांग. आय एट भाकरी अँड पिठलं म्हणाला तर शाबासकी द्या, पिठल्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका.

दिवाळीपर्यंत असं करा. त्यानंतरही क्लास लावावासा वाटला तर लावा, पण आधी तिथे जाऊन एक तास मागे बसून बघा की बोलतंय कोण, मुलं की सर. सरच बोलत असतील तर ते शाळेत फुकट मिळतंय.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, नंदुरबार जिल्हा. माझी मुलं घरी पावरी बोलतात, मराठीच त्यांची दुसरी भाषा आहे. पुस्तकातले धडे, त्यातली शहरातली घरं, वाढदिवसाचा केक, हे सगळं त्यांना परकं आहे. कधी कधी वाटतं पुस्तक बाजूला ठेवावं आणि माझ्या पद्धतीने शिकवावं. पण वरून तपासणीला आले की पोर्शन विचारतात. काय करावं? (एक शिक्षक)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही एकाच वर्गात दोन-तीन इयत्ता सांभाळून हा विचार करताय याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पुस्तक बाजूला ठेवून इंग्रजी शिकवता येतं का, तर येतं, आणि ते आपल्या शेजारीच करून बघितलेलं आहे. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी बंगळूर, मद्रास या भागातल्या साध्या शाळांमध्ये हा प्रयोग केला, बंगळूर प्रोजेक्ट म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात तो आजही ओळखला जातो. त्यांनी काय केलं, तर नेमलेला धडा, त्याखालचं व्याकरण, घोकंपट्टी सगळं बाजूला ठेवलं आणि मुलांना कोडी दिली. रेल्वेचं वेळापत्रक, गावाचा नकाशा, किमतींची यादी असं काहीतरी समोर ठेवायचं आणि डोकं लावून उत्तर काढायला लावायचं. मुलाचं सगळं लक्ष उत्तराकडे, आणि उत्तर काढता काढता इंग्रजी कानावरून, डोळ्यांखालून जातंय. आधी एक कोडं शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने सोडवणार, मग तसंच दुसरं कोडं ज्याने त्याने एकट्याने सोडवायचं. हे तुमच्याकडे उद्या होऊ शकतं. तालुक्याच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक मोबाइलमध्ये फोटो काढून आणा, पाच गाड्या फळ्यावर इंग्रजीत लिहा, गावाची नावं मुलांना माहितीच असतात, आणि विचारा, आय वाँट टु रीच नंदुरबार बिफोर टेन ओक्लॉक, विच बस शुड आय टेक? पहिल्या दिवशी मुलं पावरीतून चर्चा करतील, करू द्या. उत्तर इंग्रजीत आलं म्हणजे झालं.

पण मी तुम्हाला पुस्तक टाकून द्या असं सांगणार नाही, आणि ते तपासणीच्या भीतीने नाही. तुमच्या वर्गातल्या मुलाच्या घरी इंग्रजीत छापलेली दुसरी काय वस्तू असते? औषधाची पट्टी, खताची गोणी, बिस्किटाचा पुडा. शहरातल्या मुलाला पुस्तक नसलं तरी दुकानाच्या पाट्या आहेत, कार्टून आहे, इंग्रजी बोलणारा काका आहे. तुमच्या मुलाला समग्र शिक्षातून फुकट मिळालेलं ते एकच पुस्तक आहे, तेवढंच त्याच्या हक्काचं इंग्रजी. शिवाय चित्रं आहेत, आणि शब्द पुढच्या पुढच्या पानांवर परत परत येतील अशी काहीतरी व्यवस्था आहे, जी आपण रोज रात्री बसून एकट्याने करू म्हटलं तर होत नाही, मी करून बघितलंय.

वर ज्या वेस्टचं नाव घेतलं त्याचीच एक गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. 1926 साली त्याने बंगालमधल्या शाळांवर अहवाल लिहिला, त्यात त्याने विमा पॉलिसीतला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. आपण पॉलिसी मधेच बंद केली तर हातात काही रक्कम पडते ना, तसं मूल शाळा मधेच सोडून गेलं तर त्याच्या हातात इंग्रजीचं काय पडतं, असा त्याचा सवाल होता. त्याने बघितलं की बरीच मुलं पूर्ण शिक्षण न घेताच गळतात, आणि आपण तर अशा पद्धतीने शिकवतो की शेवटपर्यंत टिकला त्यालाच काय तो फायदा. म्हणून त्याने वाचन आधी धरलं, कारण थोडं वाचता येणं हे थोडं बोलता येण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं आणि एकट्यालाही पुढे नेता येतं असं त्याचं म्हणणं होतं, आणि एका पानावर मोजकेच नवे शब्द असलेली, आलेले शब्द पुन्हा पुन्हा आणणारी वाचनपुस्तकं तयार केली.

सर, तुमच्याकडे ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला आईबापांबरोबर जाणारी मुलं असतील. दिवाळीनंतर गेलेलं मूल होळीला परत येतं. त्याच्यासाठी हाच हिशोब करा. पुस्तक घेऊन बसा आणि प्रत्येक धड्यातून हे मूल उद्याच गेलं तर याच्याजवळ काय राहिलं पाहिजे असं विचारून आठ-दहा शब्द आणि दोन वाक्यं निवडा. ती पक्की करा, बाकीचा धडा गोष्ट म्हणून सांगून टाका, मराठीत सांगा, पावरीत सांगता आली तर फारच छान. केकच्या जागी तुमच्याकडे सणाला जे करतात ते येऊ द्या. वाक्य पुस्तकातलं, माल आपल्या गावचा. तपासणीला आलेल्यांना पोर्शनही दिसेल आणि मुलं बोललेलीही दिसतील.

मी चाकणला कंपनीत आहे, आयटीआय झालंय, वय 24. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी पाहिजे म्हणतात. मामा म्हणतात तर्खडकर वाच, मित्र म्हणतो रेन अँड मार्टिन घे, यूट्यूबवर एक जण 30 दिवसांत बोलायला शिकवतो. नक्की कुठलं पुस्तक घेऊ?

तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझे विद्यार्थी तुझ्याएवढेच आहेत.

मामांचं आधी सांगते. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यातली वाक्यं आता जुनी वाटतात, तर्खडकरी इंग्रजी असं लोक म्हणतात, पण तिच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मला आजही पटते, की मराठी माणसाची चूक मराठीतूनच होते म्हणून मराठी शेजारी ठेवून शिकावं. तुझंच बघ, मला भूक लागली याचं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करता येत नाही, आय ॲम हंग्री म्हणावं लागतं. तो माझ्यावर रागावला म्हणताना आपण अँग्री ऑन मी म्हणतो, तिथे विथ पाहिजे. लाइट बंद कर म्हणजे क्लोज द लाइट होत नाही, स्विच ऑफ. मी तीन वर्षांपासून इथे काम करतो हे आपण आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स असं करतो कारण मराठीत ते करतो असंच आहे, इंग्रजीत मात्र आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स. आणि अ, अॅन, द तर आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे ते एकतर गळतात नाहीतर कुठेही चिकटतात. या चुका विलायतेत छापलेल्या पुस्तकाला दिसत नाहीत.

रेन अँड मार्टिन हे इंग्रजी व्याकरणाचं चांगलं पुस्तक आहे, त्यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातच नोकरीला होता. पण ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस, सोडून देशील. ते कपाटात असावं, अडलं की उघडावं, डिक्शनरीसारखं. नियम पाठ असणं आणि शिफ्ट बदलताना पटकन सांगता येणं यात बरंच अंतर आहे. आणि 30 दिवसांचं म्हणशील तर, बाळा, 30 दिवसांत भाषा येत नाही, 30 दिवसांत सवय लागते, तेवढंच त्यातून घे.

मग घ्यायचं काय? मी सांगते ते ऐकून तुला कमीपणा वाटेल पण ऐक. बालभारतीची पाचवी ते आठवीची मराठी माध्यमाची इंग्रजीची पुस्तकं घे. बालभारतीच्या वेबसाइटवर पीडीएफ फुकट मिळतात. तू ती शाळेत पार केलीस पण तेव्हा ती तुझ्यावरून गेली, आता तू 24 वर्षांचा आहेस, तुला कारण आहे, आता ती तुला वेगळी लागतील. वेस्टने 1953 साली रोजच्या वापराच्या साधारण 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती, साध्या लिखाणातले दर शंभरातले ऐंशीएक शब्द त्या यादीतलेच निघतात. म्हणजे आधी हे दोन हजार पक्के व्हायला हवेत, अवघड शब्द नंतर. आणि यातले पुष्कळसे शब्द तुला शाळेच्या पुस्तकांतच भेटतील.

करायचं कसं ते सांगते. एक परिच्छेद घे, सात-आठ ओळींचा. त्याचं मराठी वहीत लिही. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद कर आणि तुझ्याच मराठीवरून परत इंग्रजी कर. मग पुस्तक उघडून ताडून बघ. जिथे तुझं वेगळं आलंय तिथे लाल पेनाने खूण कर. महिन्याभराने सगळ्या लाल खुणा एकदम बघ, तुला तुझ्याच तीन-चार ठरलेल्या चुका दिसतील, आणि तेवढ्यापुरतं रेन अँड मार्टिन उघड. माझ्याकडे एक मुलगा दहावी नापास होऊन परत आला होता, त्याच्या वहीत सगळ्या लाल खुणा एकाच ठिकाणी होत्या, ही, शी असताना क्रियापदाला एस लावायचा राहायचा. ते कळल्यावर त्याला केवढं हलकं वाटलं, कारण तोपर्यंत त्याला वाटायचं आपल्याला इंग्रजीच येत नाही.

आणि शाळेच्या पुस्तकाबरोबर तुझं कंपनीतलं पुस्तक जोड. मशीनचं मॅन्युअल असतं, लॉगबुक असतं. रोज शिफ्ट संपताना तीन वाक्यं इंग्रजीत लिही, द मशीन स्टॉप्ड ॲट टेन फिफ्टीन, वी चेंज्ड द बेल्ट, इट इज रनिंग नाऊ. सुपरवायझरला हेच इंग्रजी लागतं.

इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहू द्यावा का? मुलगी तिसरीत आहे.

पहिल्यांदा चालेल, पेन्सिलीने, आणि दोन-तीन दिवसांनी खोडून टाकायचं. नाहीतर डोळा देवनागरीच वाचतो, इंग्रजी अक्षरांकडे जातच नाही. दुसरं म्हणजे काही आवाज आपल्या लिपीत बसत नाहीत, व्हेट आणि वेट आपण लिहून दाखवू पण पुष्कळ मुलं दोन्ही सारखंच म्हणतात. त्यापेक्षा पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करून बघा, त्या धड्याचं जे काही साहित्य असेल ते उघडतं, एखादी कविता ऐकायला मिळाली तर तिला दहादा ऐकू द्या.

बाई, मी नववीत आहे. गाईडमधली उत्तरं पाठ केली तर मार्क मिळतात. मग पुस्तक कशाला वाचायचं? आमच्या वर्गात कुणीच वाचत नाही. (एक विद्यार्थिनी, सांगली)

तू हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलास म्हणून मला तू खूप आवडलीस, आणि मी पण तुला खोटं सांगणार नाही. हो, पाठ करून काही मार्क मिळतात. पण पुढच्या वर्षी दहावीला लेखी 80 आणि तोंडी 20 असे मार्क असतात, आणि लेखीमध्ये न पाहिलेला उतारा येतो, पत्र येतं, स्वतःच्या मनाने लिहायचं येतं. न पाहिलेला उतारा कुठलंच गाईड तुला पाठ करून देऊ शकत नाही. तो ज्याने वाचायची सवय केली त्यालाच सुटतो.

मार्कांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त टोचते. गाईड उघडलं की धड्यातली गोष्ट तू कधीच वाचत नाहीस. कोणीतरी काहीतरी लिहिलंय, त्यात पुढे काय होतं याची उत्सुकता असते, ती गाईडने आधीच संपवून टाकलेली असते, पहिल्या ओळीतच सारांश. माझ्या वर्गात एक मुलगी होती, इंग्रजीत कायम काठावर पास. जूनमध्ये पुस्तकं वाटली की ती पहिल्याच आठवड्यात सगळे धडे वाचून काढायची, अर्थ कळो न कळो, चित्रं बघून, अंदाजाने, फक्त गोष्टीसाठी. मला म्हणायची, बाई ते शेवटच्या धड्यातलं कुत्रं वाचतं ना? दिवाळीनंतर तो धडा आला तेव्हा सगळा वर्ग नवा धडा म्हणून बसला होता आणि ती मात्र ओळखीच्या माणसाला भेटावं तशी बसली होती. तिचे मार्क एका वर्षात काही वाढले नाहीत, दहावीला वाढले.

तू एवढंच कर, बाईंनी धडा शिकवायच्या आधी तो एकदा स्वतः वाच. शब्द अडला तर पुढे जा, डिक्शनरी उघडू नकोस. मग वर्गात शिकवू दे, मग गाईड बघायचं तर बघ. हा क्रम उलटा झाला की पुस्तकातली मजा जाते. आणि धड्याच्या आधी वॉर्मिंग अप म्हणून जे असतं ते मैत्रिणीबरोबर मधल्या सुट्टीत करा, कोणी मार्क देत नाही म्हणून ते सगळे सोडतात, पण तोंडीचे 20 मार्क नेमके तिथेच आहेत.

माझं वय 66. सातवीपर्यंत शाळा झाली, इंग्रजी एबीसीडीपुरतं. मुलगा न्यू जर्सीला असतो, नातू सहा वर्षांचा आहे, त्याला मराठी कळतं पण बोलतो इंग्रजीच. व्हिडिओ कॉलवर तो काहीतरी सांगत असतो आणि मी नुसती हसते. या वयात मला इंग्रजी येईल का? कुठलं पुस्तक घेऊ? सूनबाईंनी ॲप टाकून दिलंय पण ते सारखं चुकलं चुकलं म्हणतं, मग बंद करते. (कोल्हापूर)

ताई, येईल. तुम्हाला भाषण करायचं नाही, एका सहा वर्षांच्या मुलाशी बोलायचंय, आणि सहा वर्षांच्या मुलाचं इंग्रजी म्हणजे बरोबर पहिलीच्या पुस्तकाचं इंग्रजी असतं. आपल्या शाळेच्या वेळी मराठी शाळेत पहिलीला इंग्रजीचं पुस्तकच नसायचं, 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि त्यामुळे आता तुमच्यासाठी अगदी मापाचं पुस्तक दुकानात मिळतं. बालभारतीचं पहिलीचं आणि दुसरीचं इंग्रजी घ्या, मराठी माध्यमाचं मागा. मोबाइलवर नको, छापलेलंच घ्या, टाइप मोठा असतो, चित्रं असतात, आणि पुस्तक तुम्हाला चुकलं म्हणत नाही. चष्मा लावून दुपारी अर्धा तास बसा. ॲप ठेवायचं तर ठेवा, उच्चार ऐकायला, उत्तरं द्यायला नको.

पण पुस्तक एकट्याने वाचू नका. नातवाला वाचून दाखवा. इथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेसात-साडेआठ असतात, त्याची झोपायची वेळ, तुमची चहाची. त्याला सांगा की आजी इंग्रजी शिकतेय, तू माझा सर हो. रोज एक पान. तुम्ही अडलात की तो सांगेल, आणि सहा वर्षांच्या मुलाला आजीला शिकवायला मिळणं यासारखा आनंद नाही. दुसरं एक सांगते, ते सूनबाईंना करून द्यायला सांगा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून एक संकेतस्थळ आहे, 2015 पासून आहे, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं फुकट, सोपं-अवघड अशा चार पायऱ्या केलेल्या, आणि पुष्कळ पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, चित्रं तीच. पहिल्या पायरीचं एक पुस्तक दोन्ही भाषांत उघडा. एक पान तुम्ही मराठीत वाचायचं, तेच पान त्याने इंग्रजीत. आठवड्याने अदलाबदल, तुम्ही इंग्रजी, तो मराठी. तो कुठे अडखळतो तेही तुम्हाला कळेल, ळ म्हणताना बघा त्याचं काय होतं.

पहिलीच्या पुस्तकाबरोबर एक चाळीस पानी वही पण आणा, त्यात रोज त्याने कॉलवर बोललेलं एक वाक्य मराठी अक्षरात का होईना लिहून ठेवा आणि दुपारी पुस्तकात त्यातला एखादा शब्द सापडतो का बघा. पहिला सापडला की मला कळवा, मी वाट बघते.